फिरत्या ग्रंथाचे शुद्धिपत्र

चिंचवड गाव,
१२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती वर्षाली चिमाजी काळदाते यांस,

नमस्कार.

प्रा. उद्धवराव यांनी माझ्या गौरवग्रंथाच्या एक्केचाळिसाव्या पृष्ठावर जे लिहिले आहे, ते चुकीचे आहे. ते लिहितात: ‘२०१० साली मुळावकर सरांनी कामगार विद्यार्थ्यांसाठी आपल्या संग्रहातील दुर्मीळ ग्रंथ स्वहस्ते उसवला, त्याचे दहा भाग केले, ते चाकणच्या बसगाड्यांमधून फिरवले आणि परीक्षेपूर्वी पुन्हा स्वहस्ते शिवले.’ या एका वाक्यात पाच चुका आहेत. साल २००९ होते. ग्रंथ माझा नव्हता, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा होता. भाग दहा नव्हते, तेरा होते. बसगाड्या नव्हत्या, एकच बस होती आणि ती भिमाजी नावाचे गृहस्थ चालवीत. पाचवी चूक अशी की, मला सुईत दोरा ओवता येत नाही.

तुम्ही तृतीय वर्षाला माझ्या विशेष मराठीच्या वर्गात होता आणि महाळुंग्याच्या एका कारखान्यात कामालाही होता. ग्रंथ भाग करून फिरवण्याची कल्पना मुळात तुमची होती, हे मी येथे लेखी मान्य करतो. त्यानंतर ज्या अप्रिय गोष्टी घडल्या, त्यांत आता शिरण्याचे कारण नाही असे मला वाटते.

माझ्या वयाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असल्याने २३ फेब्रुवारीस, रविवारी सकाळी, महाविद्यालयाच्या सभागृहात समारंभ योजला आहे. गौरवग्रंथाच्या तीनशे प्रती छापून झाल्या आहेत, त्यामुळे वाक्य बदलता येत नाही. परंतु तुम्ही समारंभास यावे आणि शाल-श्रीफळ स्वीकारावे, असे मी उद्धवरावांना सुचवले आहे. ‘कल्पनेत सहभागी विद्यार्थिनी’ असा तुमचा उल्लेख ते व्यासपीठावरून करतील.

तुमचा पत्ता माझी सून अंजली हिने मिळवला. हल्ली तुम्ही तळेगावला राहता आणि तेथील एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहात, असे तिला समजले. तुमचे नाव वाचल्यावर ती म्हणाली, “हे नाव मी कुठंतरी ऐकलंय, बाबा.” माझ्या निवृत्तीनंतर तुमच्याकडून मला कधी काही कळले नाही, त्यामुळे तिने ते कोठे ऐकले असावे हे मला सांगता आले नाही.

वर्गात मी तुम्हाला ‘तू’ म्हणत असे. येथे ‘तुम्ही’ लिहिले आहे. हा परकेपणा नाही. कारण पुढे केव्हातरी सांगेन.

आपला,
श्री. गो. मुळावकर


चिंचवड गाव,
१९ फेब्रुवारी २०२५

श्रीमती वर्षाली काळदाते यांस,

तुमचा फोन काल सायंकाळी अंजलीच्या भ्रमणध्वनीवर आला. मी घरीच होतो, परंतु माझ्याशी बोलायचे नाही असे तुम्ही तिला सांगितले. तुमचे बोलणे जसेच्या तसे लिहून घे, असे मी तिला खुणेने सांगितले. दिनदर्शिकेच्या पाठीवर तिने जे उतरवले, ते असे:

“वहिनी, सरांना सांगा शाल नको. उन्हाळा तोंडावर आलाय, शाल कुठं घालू? माझी चिठ्ठी कुठं गेली तेवढं त्यांना विचारा. आणि कॉलेजला एक ओळ लिहून द्या म्हणावं, परवानगी दिली होती अशी. जुने राखीव निकाल सोडवायची विद्यापीठानं शेवटची संधी दिलीय, सतरा मार्चपर्यंत. कॉलेज म्हणतंय, माफीनामा द्या नाहीतर ज्यांनी तक्रार केली त्यांचं पत्र आणा. माफीनामा मी तेव्हा दिला नाही, आता काय देणार? इथं ट्रेनर व्हायला डिग्री लागते. मी ज्यांना गेज धरायला शिकवलं ती पोरं मला आता रिपोर्ट मागतात. मला वाईट वाटतं असं नाही. पण वाटतं.”

अंजलीने फोन ठेवून विचारले, “बाबा, कसली चिठ्ठी?”

मी म्हणालो, “जुनी गोष्ट आहे.”

ती जुनी गोष्ट आता क्रमाने लिहितो. मागील पत्रात मी तिला ‘अप्रिय गोष्टी’ म्हटले, ते शब्द मोघम होते. विद्यार्थ्यांच्या निबंधात असे शब्द आले की मी त्यांखाली लाल रेघ ओढत असे.

२००८ साली आमच्या विषयाची वाचनसूची ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. मराठी गद्याच्या घडणीवरील तो चारशे सोळा पृष्ठांचा ग्रंथ मी सूचीत आग्रहाने घातला. तीस वर्षांत त्याची नवी आवृत्ती निघालेली नव्हती. बैठकीत उद्धवराव म्हणाले, “सर, बाजारात एक प्रत नाही. लायब्ररीत एकच आहे. पोरं वाचणार काय?”

मी म्हणालो, “ज्याला वाचायचे असते, तो शोधतो.”

हे उत्तर मला तेव्हा फार आवडले होते. खरे कारण इतकेच होते की, विद्यार्थिदशेत मी तो ग्रंथ सहा वेळा वाचला होता आणि माझ्या विद्यार्थ्यांनी त्यापेक्षा सुलभ काही वाचावे, हे मला सहन होत नव्हते. पर्यायी पुस्तक मी एकही सुचवले नाही. शिवाय ग्रंथाची पाठ जीर्ण झाल्याने ‘या ग्रंथाची छायाप्रत काढू नये’ अशी सूचना मी स्वतः सुवाच्य अक्षरांत लिहून ग्रंथालयात लावली. वर्गात एकतीस जण होते. त्यांतले एकोणीस चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करीत. ग्रंथालयाची खिडकी अकरा ते एक उघडी असे.

तुम्ही शिक्षक-कक्षाच्या दाराशी आलात, तो प्रसंग मला आठवतो.

“सर, तुमचं पुस्तक वाचायला मिळत नाही.”

“मिळत नाही म्हणजे काय? ग्रंथालयात आहे.”

“पुस्तक आहे सर, आम्ही नसतो. अकरा ते एक आम्ही लाइनीवर. सेकंड शिफ्ट असली की येतो, तर कुणीतरी घेऊन बसलेलं असतं. चारशे पानं तो एका दिवसात सोडतोय होय?”

“छायाप्रत काढता येणार नाही. पाठ मोडेल.”

“मग पाठच सोडवू का सर? सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवलेत आतून, मी बघितलं. शिवण उसवली तर एकाच वेळी तेरा जण वाचतील. माझी आई कंपनीत गाड्यांची सीटं शिवते. उसवलेलं शिवणं तिचं रोजचं काम आहे. परीक्षेच्या आधी शिवून देईल.”

पुढे काय घडले ते तुम्ही जाणता. सोळा-सोळा पानांचे सव्वीस फर्मे, दोन-दोनांचे तेरा भाग, प्रत्येकाला रेक्झिनच्या कातरणीचे वेष्टन. आणि भिमाजींच्या बसमध्ये चालकाच्या पाठीमागे टांगलेली पिशवी. भिमाजी काय म्हणाले, हे तुम्ही वर्गात हुबेहूब आवाज काढून सांगितले होते. “लटकव की पोरी. पुस्तकाला काय तिकीट लागतंय व्हय? पर खिडकीपाशी नगं. पानं उडाली तर कुठलं कुठं लावायचं ते मला न्हाई कळायचं.” सगळा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

त्या वर्षीच्या चाचणीत पाचव्या प्रकरणावर नऊ जणांनी लिहिले. आधीच्या वर्षी एकानेही लिहिले नव्हते.

डिसेंबरात एक भाग कोणीतरी उपाहारगृहात विसरला आणि तो ग्रंथपालांच्या हाती पडला. पहिलाच भाग, ग्रंथालयाचा शिक्का असलेला. ग्रंथाची नासधूस झाली म्हणून प्राचार्यांनी बैठक बोलावली. ग्रंथालय समितीचा प्रमुख या नात्याने अहवाल मी लिहिला. त्यातील वाक्य मला पाठ आहे: ‘सदर विद्यार्थिनीस अशा प्रकारची कोणतीही अनुमती देण्यात आलेली नव्हती.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. त्यात अनुमती कोणी दिलेली नव्हती, हे लिहावे लागत नाही.

बैठकीत प्राचार्य तुम्हाला म्हणाले, “परवानगी होती ना? मग चिठ्ठी दाखव.”

तुम्ही म्हणालात, “पहिल्या भागात ठेवली होती सर. लायब्ररीच्या पाकिटात, कार्डाच्या मागं.”

ग्रंथपाल म्हणाले, “मला काही दिसली नाही.”

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. “सर, तुम्ही सही केली होती ना? तारीख टाकून, वेळ टाकून?”

मी म्हणालो, “मला स्मरत नाही.”

त्या वेळी मला ते खरोखरच स्मरत नव्हते. निवृत्तीस तीन महिने उरले होते, कामे पुष्कळ होती. एवढे मात्र कबूल करतो की, ग्रंथ उसवावा लागला हे मान्य केले असते, तर न मिळणारा ग्रंथ सूचीत का घातला, हा प्रश्न माझ्यावर आला असता.

तुमची चिठ्ठी कोठे गेली, याचा शोध घेतो. समारंभानंतर कळवीन.

श्री. गो. मुळावकर


चिंचवड गाव,
२ मार्च २०२५

श्रीमती वर्षाली काळदाते यांस,

समारंभ झाला. तुम्ही आला नाहीत. तुमच्या आई यशोदाबाई आल्या होत्या, हे त्यांनी तुम्हाला सांगितले आहे की नाही, मला ठाऊक नाही. सांगितले नसेल असे गृहीत धरून लिहितो.

उद्धवरावांनी तो ग्रंथ ग्रंथालयातून आणवून व्यासपीठावर काचेच्या पेटीत ठेवला होता. समोर पाटी होती: ‘फिरता-ग्रंथ – सरांनी स्वहस्ते शिवलेली प्रत.’ ती पाटी मला समारंभापूर्वी दाखवण्यात आली. ‘फिरता’ आणि ‘ग्रंथ’ यांमध्ये अकारण संयोगचिन्ह होते. ते मी काढायला लावले. उरलेल्या मजकुराबद्दल काही बोललो नाही.

भाषणे झाली. छायाचित्रासाठी मला ग्रंथ हातात धरून उभे केले. त्यानंतर लोक भेटायला रांगेने येत होते, त्यांत तुमच्या आई होत्या. मी त्यांना ओळखले नाही. हिरवे लुगडे, हातात कापडी पिशवी. त्यांनी नमस्कार केला नाही. ग्रंथाच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला, वरून खाली, सावकाश, जसे आपण एखाद्या मुलाच्या पाठीवरून फिरवतो.

“टाका माजा हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. “सीटचा टाका. काळा नायलॉन. माणूस बसलं तरी उसवत न्हाई.”

उद्धवरावांना ते नीट ऐकू गेले नसावे, किंवा गेले असावे. ते म्हणाले, “मावशी, जेवण करून जा बरं का. खाली व्यवस्था आहे.”

“जेवूनच निघाले घरनं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू: “मास्तर, पोरीनं तीन दिस बस झाडली हुती. भिमाजीनं सीटा खोलून दिल्या. कागूद काय घावला न्हाई. तुमाला घावला का?”

मागे रांग होती. यशोदाबाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि त्या निघाल्या. शाल माझ्या खांद्यावर होती आणि ती मला काढता येईना, कारण दोन्ही हातांत ग्रंथ होता.

दुसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, मी माझे लिहिण्याचे मेज उचकले. तळच्या खणात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, तुमची चिठ्ठी सापडली. ती त्या धांदलीच्या दिवसांत इतर कागदांबरोबर माझ्याकडे आली असावी. सोबत मूळ चिठ्ठी जोडली आहे. वर तुमचे अक्षर: ‘ग्रंथाची शिवण उसवून तेरा भाग करण्याची परवानगी असावी. परीक्षेआधी आई पुन्हा शिवून देईल.’ खाली माझे: ‘अनुमती आहे. पृष्ठक्रम राखावा. श्री. गो. मु., ९-९-२००९, स. १०.४०.’

तेव्हा तुम्ही खरे बोलत होता. माफीनामा न देता तुम्ही जे म्हणालात, तेही अहवालात नोंदवलेले नाही. मी ते येथे नोंदवतो. “परवानगी न घेता केलं, असं मी लिहिणार नाही सर. तसं झालेलंच नाही.” सर्व विषयांत उत्तीर्ण होऊनही तुमचा निकाल या एका न लिहिलेल्या वाक्यासाठी पंधरा वर्षे राखून ठेवला गेला. माझ्या एका लिहिलेल्या वाक्यामुळे मला मात्र काहीही सोसावे लागले नाही.

चिठ्ठी सापडल्याचे पत्र मी या आठवड्यात महाविद्यालयास देतो. त्यावर तुमचा निकाल मोकळा होण्यास अडचण नसावी.

श्री. गो. मुळावकर


चिंचवड गाव,
११ मार्च २०२५

वर्षालीताई,

तुमचा आवाजी निरोप अंजलीने मला स्वयंपाकघरात ऐकवला. मीच तिला मोठ्याने लाव म्हणालो होतो.

“सर, चिठ्ठी मिळाली. पण एक विचारू? मी बारा वर्षं क्वालिटीत आहे. पार्ट हातात घेतला की तो कुठं ठेवला होता ते कळतं. गठ्ठ्याखाली पंधरा वर्षं राहिलेला कागद असा नसतो. याला वळ नाही, कडा पिवळ्या नाहीत, घडी फक्त माझीच आहे. हा कागद कुणीतरी जपून ठेवलाय. सापडली म्हणू नका सर. काय ते लिहा.”

निरोप संपल्यावर अंजलीने गॅस बंद केला. मग म्हणाली, “बाबा, ही तीच ना? पायरीवर बसलेली?”

मी म्हणालो, “होय.”

“तुम्ही मला तिच्याशी खोटं बोलायला लावलं होतं.”

“होय.”

“मला वाटलं, वर्गणी मागायला आलीय कुणीतरी,” ती म्हणाली. “मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.”

गेले चार दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. ते योग्य आहे.

महाविद्यालयास द्यायचे पत्र मी ६ तारखेलाच लिहिले होते, ‘चिठ्ठी सापडली’ या शब्दांसह. ते फाडून दुसरे लिहिले. ते घेऊन काल प्राचार्यांकडे गेलो. हे प्राचार्य नवे आहेत, चाळिशीचे, अत्यंत सौजन्यशील. पत्र वाचून म्हणाले, “सर, एवढं सगळं कशाला? चिठ्ठी मिळाली इतकंच द्या ना. बाईंचं काम होऊन जाईल, तुमचंही नाव राहील.” उद्धवराव तेथेच होते. ते म्हणाले, “सर, अहो हार अजून सुकले नाहीत.” ते चेष्टेने म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता, कारण एक्केचाळिसावे पृष्ठ त्यांनी मजवरील प्रेमाने लिहिले आहे आणि त्यांना जी माहिती होती, ती मीच वेळोवेळी दिलेली होती. पहिल्या पत्रात मी त्यांच्या पाच चुका मोजल्या. त्यांतील चार माझ्या तोंडून त्यांनी ऐकल्या होत्या. दहा भाग हा आकडा तेवढा त्यांचा.

मी पत्र बदलले नाही. आवक नोंदवहीत नोंद करून घेतली आणि पोच घेतली. तिची प्रत सोबत आहे. प्राचार्यांनी तुमचा प्रस्ताव आजच विद्यापीठाकडे पाठवण्याचे मान्य केले आहे. अर्जावर तुमची सही तेवढी १७ तारखेच्या आत हवी. ती करावी की नाही, हे ठरवण्यात मी कोणी नाही.

गौरवग्रंथ ज्यांना वाटले गेले, त्यांना परत मागवता येणार नाहीत. उरलेल्या एकशे बारा प्रती मी घरी आणल्या आहेत. मराठी ग्रंथांत शेवटी शुद्धिपत्र जोडण्याची पद्धत आहे. आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांची शुद्धिपत्रे मी हौसेने केली. पुढे दिले आहे ते माझ्या पुस्तकाचे. एकशे बारा प्रतींत ते चिकटवून होईल तेव्हा होईल. ज्यांच्याकडे प्रती गेल्या आहेत, त्यांना टपालाने धाडीन. पहिली प्रत तुम्हाला. तुम्हाला लिहिलेल्या माझ्या तीन पत्रांतील चुकाही त्यातच दुरुस्त केल्या आहेत.

‘तुम्ही’ का लिहितो, ते सांगायचे राहिले होते. आपल्या विद्यार्थ्याला ‘तू’ म्हणणे हा शिक्षकाचा हक्क आहे. ज्याने भर बैठकीत विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाहून तिला ओळख दिली नाही, त्याचा नाही.

श्रीनिवास मुळावकर


शुद्धिपत्र

९ सप्टेंबर २००९. ग्रंथाचे भाग करण्याची लेखी अनुमती मी दिली. कल्पना, उसवणे, वेष्टने आणि बसमधील व्यवस्था वर्षाली काळदाते यांची. पृष्ठ ४१ वरील ‘२०१०’ आणि ‘स्वहस्ते’ हे दोन्ही शब्द चूक.

१ डिसेंबर २००९. ग्रंथपालांनी पहिला भाग प्राचार्यांकडे नेण्यापूर्वी माझ्याकडे आणून दिला. शिक्षक-कक्षात मी एकटा होतो. पाकिटातील चिठ्ठी मी काढून घेतली. ग्रंथपालांना ती दिसली नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते.

४ डिसेंबर २००९. बैठकीत मी ‘मला स्मरत नाही’ असे म्हणालो. १९ फेब्रुवारीच्या पत्रात ते त्या वेळी खरे होते, असे लिहिले आहे. ते खरे नव्हते. मी बोलत असताना चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होती.

५ ते ७ डिसेंबर २००९. वर्षाली काळदाते यांनी चिठ्ठीसाठी बस झाडली. या तीन दिवसांची मला माहिती नव्हती, असे मी म्हणू शकतो. चिठ्ठी बसमध्ये नाही, ही माहिती मात्र होती.

१८ डिसेंबर २००९. यशोदाबाई काळदाते यांनी सव्वीस फर्मे शिवून ग्रंथ परत दिला. पृष्ठक्रम मी तपासला. एकही पान चुकलेले नव्हते.

२१ जानेवारी २०१०. बाहेरून आलेल्या मूल्यांकन समितीपुढे मी हा ग्रंथ ‘आमचा उपक्रम’ म्हणून सादर केला. समितीच्या एका सदस्याने शिवण कोणाची, असे विचारले. मी ‘आमच्याकडेच करून घेतली’ असे उत्तर दिले.

१४ जून २०१६. निवृत्तीनंतर तुमच्याकडून काही कळले नाही, असे १२ फेब्रुवारीच्या पत्रात आहे. या दिवशी तुम्ही माझ्या घरी आला होता. मी आतल्या खोलीत होतो आणि ‘घरी नाहीत म्हणून सांग’ असे सुनेला म्हणालो. तुम्ही “बरं वहिनी, मी थांबते थोडी,” म्हणून पायरीवर बसलात. चाळीस मिनिटे. घड्याळ माझ्या समोर होते आणि चिठ्ठी माझ्या हातात.

२३ फेब्रुवारी २०२५. यशोदाबाईंनी विचारले, “तुमाला घावला का?” उत्तर: होय.

२४ फेब्रुवारी २०२५. या दिवशी चिठ्ठी सापडली, असे २ मार्चच्या पत्रात आहे. या दिवशी काहीही सापडले नाही. चिठ्ठी १ डिसेंबर २००९ पासून प्लास्टिकच्या पाकिटात, माझ्या पदवी प्रमाणपत्राच्या मागे होती. ती फाडून टाकणे मला जमले नाही, कारण तिच्यावर तारीख आणि वेळ बरोबर होती.

१० मार्च २०२५. महाविद्यालयास लेखी कळवले: अनुमती मी दिली होती. चिठ्ठी मी लपवली होती. बैठकीच्या दिवसापासून विलंब पंधरा वर्षे, तीन महिने, सहा दिवस.

१२ मार्च २०२५. ही तारीख हे लिहिताना अजून यायची आहे. पत्र टपालाने वेळेवर पोहोचेल याची खात्री नसल्याने मी स्वतः सकाळच्या लोकलने तळेगावला घेऊन येत आहे. दाराशी कोणी ‘घरी नाहीत’ असे सांगितले, तर मी पायरीवर बसणार नाही. पत्र ठेवून परत जाईन.